दवबिंदूला जवळ्याचं पाणी

(सानपाडा गावठाण, १९९६. पावसाळा सरत आलेला. गोजराबाईंच्या घराचा पहिला मजला. तिथं भाड्यानं राहणारे हौसेराव आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी राजेश्वरी गॅलरीत श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यावर वाकलेले. डब्यात रुपयाएवढं लाल रोप.)

हौसेराव : श्वास धर! श्वास धर, राजू, फुकशील त्येला.

राजेश्वरी : मी कुठं फुंकतेय? तुमचंच डोकं मधे येतंय आबा. सरका ना जरा.

हौसेराव : त्यो बग, त्यो बग! पाय चिकाटला. डासाचा मागला पाय. आता सुटाया बघनार, दुसरा टेकवनार... टेकवला! ग्येला! दोनी पाय ग्येले!

राजेश्वरी : आईशप्पथ! आबा, केस हलले! पानाच्या कडेचे लांब केस. आत वळले. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं!

हौसेराव : मग म्या दोन म्हैनं काय सांगतूय? तुला वाटलं, म्हाताऱ्याची पाठ ग्येली तसं डोस्कं बी ग्येलं.

राजेश्वरी : असं मी कधी म्हटलं? मी म्हटलं, पुस्तकात लिहिलंय हालचाल मंद असते. मंद कसली! वाशी नाक्यावर रिक्षा वळते तशी वळली. बघा, अजून एक वळला. डासाला मिठीच मारली त्यानं.

हौसेराव : आता दोन दिस सोडायचा न्हाई. चोखून चोखून खानार. मग नुसती कातडी ऱ्हानार वर. ल्हानपनी सड्यावर, कातळाच्या माळावर, म्हशी घिऊन जायचो, तवा पालथा पडून बघायचो दिसभर. म्हशी लोकाच्या रानात शिरायच्या आन् मी मार खायचो.

राजेश्वरी : आणि नाव पण माहीत नव्हतं तुम्हाला.

हौसेराव : नाव काय करायचं? तुझ्या पुस्तकात चित्र बघितलं तवा कळलं, दवबिंदू म्हनत्यात. मला वाटायचं, ह्ये आमच्याच कड्यावर हाय, बाकी दुनियेला ठावंच न्हाई.

राजेश्वरी : आबा, आता ऐका. दुपारपासून पोटात दाबून ठेवलंय. बॉटनीच्या सुमेधा मॅडमनी आज मला थांबवलं.

हौसेराव : का? काय चुकलं?

राजेश्वरी : चुकलं नाही हो! मी त्यांना सांगितलं, घरी बी रुजवून चौदा डबे केलेत. त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी लॅबमध्ये तीन वेळा ट्राय केलं, एकदा पण उगवलं नाही. आणि इथं सानपाड्यात, गॅलरीत, श्रीखंडाच्या डब्यात!

हौसेराव : नळाचं पाणी घातलं आसंल त्यांनी.

राजेश्वरी : मी पण तेच म्हटलं! म्हटलं, माझे वडील पावसाचं पाणी पिंपात भरून ठेवतात, दुसरा थेंब चालत नाही. खत नाही, शेण नाही. मातीपण कसली, तर प्रेमला आत्यानं गावावरून पाठवलेली कातळावरची भुसभुशीत. मॅडम म्हणाल्या, सोमवारी वडिलांना घेऊन ये. झाडांसकट. सगळी बॅच बसवते, चाळीस जण. त्यांनीच सांगू दे.

हौसेराव : कुनी?

राजेश्वरी : तुम्ही.

हौसेराव : येडी का खुळी तू? चौथी पास मानूस. कांदा-बटाट्याच्या मार्केटात वीस वर्षं हमाली केलेला. मी कालेजात काय सांगनार? पोतं पाठीवर कसं घ्यायचं त्ये?

राजेश्वरी : आत्ता मला जे सांगितलं ते.

हौसेराव : चाळीस पोरं?

राजेश्वरी : चाळीस. मॅडम धरून एक्केचाळीस.

हौसेराव : ...मग पांढरा सदरा धुवाया टाक. आन् चौदाच्या चौदा डबे न्यायचे. एक बी मागं ठिवायचा न्हाई.

गोजरा : अरं, कं चाललंय वर? मना वाटला, बाप-लेकीचं भांडन लागलं. जिना चढून आयले मी, गुडगे दुकतात तरी.

राजेश्वरी : गोजराआजी, या या! बरोबर टायमाला आलात. हे बघा, डास पकडलाय झाडानं.

गोजरा : झाडानं? हां एवडुशा झाडानं? खोटा बोलतंस.

हौसेराव : खोटं न्हाई मावशी. हे केसांच्या टोकाला थेंब हायती न्हवं, त्ये पाणी न्हाई. डिंक हाय. किडा बसला की चिकाटला. मग झाड त्येला जिरवतंय.

गोजरा : म्हंजे मांस खातंय?

राजेश्वरी : एकदम प्युअर नॉनव्हेज.

गोजरा : अगो बाय माजे! आनि माजे घरान चार म्हैने ऱ्हातंय, मना कोनी बोललं नाय! कं देतं तू त्याला खायला?

हौसेराव : काय न्हाई. त्याचं त्येच पकडतंय. डास, चिलटं.

गोजरा : डास कं जेवन हाय? आगऱ्याचे घरान कोनी उपाशी ऱ्हात नाय, हौसेराव. कुत्रा पन नाय.

राजेश्वरी : उपाशी नाहीयेत आजी, मजेत आहेत. बरं, उद्या आम्ही कळंबोलीला चाललोय, मामाच्या नातवाचं बारसं आहे. आई आधीच गेलीय. परवा संध्याकाळी येऊ. घराकडे जरा लक्ष ठेवा.

गोजरा : जा तुमी. मी हाय ना.

* * *

राजेश्वरी : आबा, बारशाचे पेढे वेगळे ठेवलेत ना गोजराआजींना? मी पटकन चहा टाकते. सोमवारची तयारी पण करायचीय, चौदा डबे रिक्षात कसे... आबा? तिथंच काय उभे राहिलात?

हौसेराव : समदी.

राजेश्वरी : काय सगळी?

हौसेराव : समदी काळी पडल्याती. हात लावला तर पान बोटाला आलं. कुजल्यासारखं.

राजेश्वरी : सरका. बघू... नाही. नाही, आबा, हे कसं? परवा तर... ह्याला फुलाचा दांडा येत होता! आणि हा वास कसला? शी! सुकटीचा वास येतोय.

गोजरा : आयलाव कं? झालं बारसं? नाव कं ठेवलं पोराचं? मी तुमचे झाडांना दोनी दिस जेवाय घातलं हां. टेन्शन घेवू नको.

राजेश्वरी : काय घातलं?

गोजरा : जवल्याचं पानी. चांगला सुका जवला, दिवाल्याचे बंदरावरनं आनलेला. भिजवला, पिलला आनि चमच्या-चमच्यानं घातलं सगल्यांना. काल सकालचे, आनि आज पन. बोलले, बिचारी डासांवर जगतात... असं कं बगतंस माज्याकडं, पोरी?

राजेश्वरी : आजी, खार! सुक्या जवळ्यात खार असतो! पावसाच्या पाण्याशिवाय दुसरा थेंब चालत नाही त्यांना. मेली ती! सगळी मेली!

गोजरा : मेली?

राजेश्वरी : बघा ना! सोमवारी चाळीस मुलांसमोर काय दाखवायचं? चार महिने आबा रोज पहाटे उठून एकेक डबा उन्हाप्रमाणे सरकवतायत. तीनदा बी पेरलं तेव्हा एकदा आलं. आणि तुम्ही...

हौसेराव : राजू. पुरं.

राजेश्वरी : पुरं काय आबा!

हौसेराव : मावशींनी खायाला घातलं. इख न्हाई घातलं.

गोजरा : मना... मना कं म्हाईत, रं? समिंदराचे कडंला जन्म गेला माजा. जवला खाऊन कोनी मरतंय असं मी कवा बगितलं नाय. हौसेराव, मी कं करू आता? बोल तू मना. शिवी दे.

हौसेराव : शिवी कशापायी? तुमी बसा. हितं बसा, गुडघं दुखत्यात ना. राजू, पाणी आन मावशींना.

राजेश्वरी : आणि सोमवार?

हौसेराव : मॅडमना निरोप दे. येनार न्हाई म्हनून.

राजेश्वरी : असा कसा निरोप देऊ? आबा, तुम्ही सदरा इस्त्री करून ठेवलाय!

हौसेराव : मोकळे डबे घिऊन जाऊ? म्हनू, पोरांनो, परवापतुर हितं झाड व्हतं? हसतील. आन् मला काय, सवय झालीया आता घरात बसायची. दोन वर्षं बसलूच की, पाठ मोडल्यापास्नं.

गोजरा : दुसरी आनू आपन. माजा रूपेश गाडी घेऊन जाईल. वाशीचे नर्सरीन मिलंल.

राजेश्वरी : नर्सरीत नाही मिळत आजी. हे कातळावर, ओलसर जागी, जिथं माती एकदम निकस असते तिथंच येतं. मी पुस्तकात दाखवते तुम्हाला, थांबा. हे बघा. हे आपलं होतं, जमिनीला चिकटून, चकतीसारखं.

गोजरा : आनि ह्या खालचा फोटू?

राजेश्वरी : ती दुसरी जात. ती उभी वाढते, वीतभर. पानं दोऱ्यासारखी. फूल गुलाबी.

गोजरा : पुस्तक इकडं दे. चष्मा नाय माजा... उजेडान धर. अगो... अगो, ही तं चिकटी!

राजेश्वरी : कोण?

गोजरा : चिकटी! आमी चिकटी बोलायचू हिला. आमी पोरी खाचरान पलायचू, तं पायाला लागायची. माशा, चतुर, सगलं अंगाला चिकटवून उबी. हीच! हां गुलाबी फूल, हीच!

हौसेराव : कुटं? मावशी, कुटं बघितली?

गोजरा : माजे बापाचे शेतान. खारघरला, डोंगराखाली. माजं म्हायेर. खालचे कोपऱ्यान भात यायचंच नाय, नुसती चिकटी. बाप शिव्या द्यायचा त्या कोपऱ्याला.

राजेश्वरी : आत्ता आहे तिथं? यंदा?

गोजरा : यंदा कोन बगाय गेलंय? शेत सरकारनं घेतलं, वस्ती होनार हाय तितं. भात लावत नाय कोनी. पन पाऊस पडतो, तं गवत उगवतच असंल ना, रं?

हौसेराव : उगवनार! कुनी नांगर घातला न्हाई तर आनखी उगवनार! राजू, खुरपं कुटं हाय?

गोजरा : थांब, थांब. एक भानगड हाय.

राजेश्वरी : आता काय?

गोजरा : भराव चालू हाय तितं. डंपरनं मुरूम टाकतात. परवा सुरू झालं.

राजेश्वरी : कुणाचे डंपर? आपण विनंती करू त्यांना. कुणाला भेटायचं?

गोजरा : कोनाला भेटाय नको. डंपर माजे रूपेशचंच हाय.

* * *

गोजरा : ए शिवा! थांबव! इंजान बंद कर! कान फुटले का तुजे? रूपेशला सांग, तुजे आयशीनं थांबवलंय!

राजेश्वरी : आजी, तो म्हणतोय गाडी भरलेली आहे, कुठं तरी रिकामी करायलाच लागेल.

गोजरा : मंग मी इतंच बसते. टाक म्हनावं माजे डोक्यावर. बसले बग. आता कोन हालवतंय ते बगू. तुमी शोदा, जा!

हौसेराव : पन शोधायचं कुटं मावशी? निम्मं शेत लाल मुरमाखाली ग्येलंय. बांध कुठला, कोपरा कुठला?

गोजरा : तो धोंडा दिसतंय का? काला, बसका? त्याचे खालचे अंगाला. मुरूम तितपत्तुर आयला नाय अजून. धा-पंदरा पावलं ऱ्हायलीत.

राजेश्वरी : आबा, इथं नुसतं गवत आहे. मी आख्खा कोपरा फिरले. लाल काहीच नाही. संपलं असेल हो. चिकटी-बिकटी काही नाही.

हौसेराव : उभ्यानं काय दिसतंय? खाली बस. उनाकडं तोंड कर आन् डोळं जमिनीला लाव. थेंब उजेडात चमकत्यात, वरनं न्हाई दिसत.

राजेश्वरी : तुम्ही वाकू नका! आबा! डॉक्टरांनी काय सांगितलंय? आबा, गुडघ्यावर नका ना बसू!

हौसेराव : गप. बसलू मी. पालथा पडतो आता. ल्हानपनी पडायचो तसाच.

राजेश्वरी : पाठ धरेल तुमची! मी उचलू कसं तुम्हाला इथून?

हौसेराव : राजू.

राजेश्वरी : काय झालं? दुखतंय?

हौसेराव : राजू, खाली ये. माझ्या शेजारी पड. चिखुल लागंल, लागू दे. आता बग. गवताच्या मधनं. उनाकडं.

राजेश्वरी : ...आई गं.

हौसेराव : दिसलं?

राजेश्वरी : आबा! सगळीकडे आहेत! शंभर... नाही, शंभर काय, दोनशे, पाचशे! मी मघाशी ह्यांच्यावरून चालत गेले! बघा, फुलं पण आहेत! सकाळची उघडतायत! गुलाबी! आजी, मिळाली! चिकटी मिळाली!

गोजरा : मिलाली? शिवा, ऐकला का? मिलाली बोलते पोरगी! चाबी दे माज्याकडं. दे बोलले ना!

हौसेराव : हा बग, चतुर अडाकलाय. केवढा मोठा चतुर! पाख धरलंय, शेपूट धरलंय. पान कसं गुंडाळलंय त्येच्याभवती, गोफ वळल्यावानी. आमच्या सड्यावर ह्ये न्हवतं. ही जात म्या जन्मात बघितली न्हाई, राजू. पन्नाशी झाली, आन् आज पहिल्यांदा बघतूय.

राजेश्वरी : मॅडमनी पण फक्त कागदावर वाळवलेली बघितलीय. सोमवारी वेड्या होतील त्या! डबे आणू का? किती घ्यायची?

हौसेराव : ऊन चढायच्या आत घ्यायची. मुळाला हात लावायचा न्हाई. मातीचं ढेकूळ आख्खं उचलायचं, खालून उलथनं घालून. त्ये पोळीचं उलथनं आनलंयस का?

राजेश्वरी : आणलंय. आई ओरडेल.

हौसेराव : वरडू दे. इकडं दे. तू नको, ढेकूळ फुटंल.

राजेश्वरी : आबा, हळू हं.

हौसेराव : हळूच घेतोय. क्विंटलाची पोती उचलली गं, कधी एवढं जपलं न्हाई. ह्या ढेकळाला जपतोय. धर डबा. धर नीट. आलं... आलं! एक झालं.

गोजरा : हौसेराव, किती येल लागंल, रं? शिवा बोलतंय, दुसरा डंपर पन आयला मागून. आता दोगंजन हारन मारतात माजे मागं.

हौसेराव : तासभर बसाल का मावशी?

गोजरा : तासभर? जेवाय मिललं तं संदयाकालपत्तुर बसते मी!

* * *

गोजरा : परत सांग गो. कालेजान कं झालं?

राजेश्वरी : आजी, तीन आठवड्यांत चौथ्यांदा सांगतेय.

गोजरा : मंग कं झालं? इतं शेतान बी गोला करता करता सांग. हातान काम हाय, तोंड तं मोकलं हाय ना.

राजेश्वरी : बरं. आधी गेटवर वॉचमननं अडवलं. आबांच्या हातात दोन क्रेट, डब्यांनी भरलेले. तो म्हणाला, कॅन्टीनचा माल मागच्या दरवाज्यानं न्या.

गोजरा : मेला! मंग हौसेराव कं बोलला?

हौसेराव : काय बोलनार? म्हनलं, माल न्हाई दादा, झाडं हायती. पोरांना शिकवाया आलूय.

राजेश्वरी : असं म्हणाले, आजी! ताठ मानेनं. मी बाजूला उभी, मला रडू यायला लागलं. आणि आत गेल्यावर काय? आबा डबेच मांडत राहिले. चाळीस मुलं बघतायत, मॅडम बघतायत, आबा एकेक डबा खिडकीपाशी सरकवतायत. दोन मिनिटं.

हौसेराव : दोन न्हाई. पाचेक आसतील. सदरा पाठीला चिकाटला व्हता घामानं.

राजेश्वरी : मग एकदम म्हणाले, बाकांवरून काय दिसनार न्हाई, समदी खाली बसा. आणि सगळी बसली! पोरी ड्रेस सावरत फरशीवर. मॅडमपण, साडी नेसलेल्या, मांडी घालून. आबांनी खिडकीची झडप अशी केली की ऊन तिरकं आलं, आणि चिकटीचे सगळे थेंब एकदम पेटले. वर्गात असा आवाज झाला ना आजी, आऽऽ करून.

गोजरा : आऽऽ करून!

राजेश्वरी : आणि मग आबा थांबेचनात. तासाची बेल झाली, कुणी उठलं नाही. पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले, आणि ते पण खाली बसले! एका मुलानं विचारलं, काका, झाड असून ते किडे का खातं?

गोजरा : मंग? हां मना नाय सांगितला मागल्या टायमाला.

हौसेराव : म्हनलं, जमिनीत त्येला काय गावत न्हाई, म्हनून. वरनं पोटाला घेतंय आन् जागा धरून ऱ्हातंय. त्यात नवल काय?

राजेश्वरी : आणि एक आजवर तुम्हाला सांगितलं नव्हतं, आजी, मी तुमचं पण सांगितलं. जवळ्याचं.

गोजरा : कं? माजं? सगल्यांसमोर?

राजेश्वरी : सगळे हसले. पण मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, वहीत लिहून घ्या, हा आपला प्रयोगच झाला. खारं पाणी दिलं तर दोन दिवसांत काय होतं. आता प्रॅक्टिकलच्या वहीत आहात तुम्ही.

गोजरा : घ्या! मास्तरनीचे वहीन गेले मी.

हौसेराव : आन् मॅडम म्हनल्या, हौसेराव, दर बुधवारी येत जावा. खिडकीपाशी एक टेबल दिलंय. परवाच्या बुधवारी ग्येलो तर वॉचमननं हातातला क्रेट घेतला आन् वरपतुर आनून दिला.

राजेश्वरी : आबा, ह्या पुडीत किती झालं? मला काळ्या मिरीच्या पुडीसारखं दिसतंय नुसतं.

हौसेराव : लई झालं. चिमूटभर म्हंजे शेकडो दाणं. निम्मं कालेजाला, निम्मं आपल्याला. आनखी एक पुडी प्रेमलाला पाठवू, सड्यावर टाकू दे. तिकडं ही जात न्हाई.

गोजरा : हां दांडा बग, इतं पन हाय बी. माजे हातान तोडू?

हौसेराव : तोडा की. हळू. कागुद खाली धरा.

गोजरा : रूपेशला बोलले मी, बी पिकंपत्तुर हां कोपरा ठेव. तोंड वाकडं केलं त्यानं, पन ठेवलं. तीन आठवडे वलसा घालून डंपर फिरवलं. काल बोलला, आये, आता बस. उद्या टाकायलाच लागंल.

राजेश्वरी : उद्या?

गोजरा : हां. उद्या सकालचे. त्याचं पन काम हाय ना, पोरी. मी नाय बोलले नाय.

हौसेराव : आमचं झालंच मावशी. सूर्य कलला. ह्यो शेवटचा दांडा, की पुड्या बांधायच्या. राजू, क्रेट उचल.

गोजरा : इतं, ह्या धोंड्यावर बाप बसून जेवायचा. मी घरून भाकर आनायची. तो बोलायचा, हां कोपरा कं कामाचा नाय, तुजे लग्नान हुंड्यान देतो.

राजेश्वरी : दिला का मग?

गोजरा : कुटला? हसायचा नुसता. ...हौसेराव, तुजं ते उलथनं हाय ना?

हौसेराव : हाय की. क्रेटात ठेवलंय.

गोजरा : इतं घाल. ह्या धोंड्याचे बुडाशी. एक ढेकूल काड मना. मोठं.

हौसेराव : हितं? पन मावशी, ह्या ढेकळात झाड न्हाई. बी बी पडलं नसंल हितं.

गोजरा : म्हाईत हाय मना. काड तू.